संगीत नाटकातल्या लग्नाचा निर्णय

लग्न लावणाऱ्या माणसाकडे लग्नात कोणी पाहत नाही. सर्वांची दृष्टी वधूवरांकडे असते आणि तेच योग्य आहे. अक्षता पडल्या की मंडप पंगतींकडे वळतो. त्या गडबडीत एक मनुष्य पाटाखाली गेलेली सुपारी शोधत असतो, पळी-पंचपात्र पुसत असतो, उरलेले दर्भ पिशवीत घालत असतो. तो मनुष्य मी. या शहराला आम्ही आयुष्यभर औरंगाबाद म्हटले, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतो. येथे मी उभ्या हयातीत किती विवाह लावले ते मोजलेले नाही. पुण्यकर्म मोजू नये, असे आमचे गुरुजी सांगत.

निजामाचे राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पैठणच्या पाठशाळेत शब्दरूपे घोकत होतो. पुढे गुरुजींबरोबर शहरात आलो आणि त्यांच्यामागून पौरोहित्य माझ्याकडे आले. त्या काळचे यजमान उर्दू शाळांत शिकलेले. एका वृद्ध वकिलांना देवनागरी जुळवून वाचावी लागे. नातीच्या लग्नात आजोबा म्हणून संकल्प त्यांनाच करायचा होता. मी आदल्या दिवशी तो सांगितला आणि त्यांनी तो उर्दू लिपीत उतरवून घेतला. मग चष्मा काढून म्हणाले, "पंडितजी, भगवंताला हे चालेल ना?"

"वकीलसाहेब, ऐकणाऱ्याला कागद दिसत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संकल्प इतका शुद्ध म्हटला की माझेच एक अक्षर अडखळले.

पुढे पैठण रस्त्याला कारखाने आले आणि यजमानांची घाई वाढली. चितेगावच्या एका फोरमनने मला मंडपातच विचारले होते, "गुरुजी, दुसऱ्या पाळीच्या आत उरकंल का? निम्मं वऱ्हाड कामावर जायचंय." मी उरकले. वराकडचे लोक मंगलाष्टके संपता संपता डबे उचलून निघाले. त्या लग्नात मी जेवलो तेव्हा पंगतीला मी आणि दोन वाढपी एवढेच होतो. मला त्याचे काही वाटले नाही. पंगतीत मी तसाही एका कडेलाच बसत असे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लोकांना वाटते, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, लग्न लागले. शास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. पिता कन्येचे दान करतो, अग्नीच्या साक्षीने होम होतो, वधूवर सात पावले बरोबर चालतात. सातवे पाऊल पडले की विवाह सिद्ध होतो, त्याआधी नाही. हा बारकावा व्यवहारात कोणाला लागत नाही. मला तो एकदाच लागला, आणि तोही एका संगीत नाटकामुळे.

भगवानराव हे माझे जुने यजमान. चितेगावला त्यांची जमीन होती आणि तिथल्याच एका कारखान्यात ते भांडारपाल होते. राहायला मात्र शहरात, क्रांती चौकाच्या मागे. त्यांची थोरली मुलगी शैला प्राथमिक शाळेत शिकवी आणि गात असे. तिचे लग्न हर्सूलच्या एका घरात ठरले होते. मुलगा दिनकर वीज खात्यात अभियंता. दोघांनी एकमेकांना पाहिले होते, बोललेही होते, आणि सुपारी फुटली त्या दिवशी शैलाच्या चेहऱ्यावर जे होते ते माझ्यासारख्या अनभिज्ञालाही वाचता आले. दिनकरला आईवडील नव्हते. त्याला त्याच्या आत्याने, गयाबाईंनी वाढवले होते. त्या घरात गयाबाईंचा शब्द शेवटचा.

एका सकाळी भगवानराव माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटले तरी आत येईनात.

"गुरुजी, लगीन मोडतंय."

मी त्यांना बसवले, पाणी दिले. हकीकत अशी की शैला शहरातल्या एका हौशी मंडळाच्या संगीत नाटकात नायिका झाली होती. नाटक परदेशात घडणारे, प्रेमाचे. पहिला प्रयोग झाला होता, दुसरा रविवारी संध्याकाळी होता. गयाबाईंच्या कोणा नातलगाने पहिला प्रयोग पाहिला आणि हर्सूलला जाऊन सांगितले की नाटकात शैलाचे लग्न लागते, पाद्री लावतो, तेही भरल्या सभागृहासमोर.

"त्या म्हणत्यात, पोरीचं एकडाव लगीन लागलं. आता आमच्या दिन्याचं दुसरं व्हईल," भगवानराव म्हणाले. "मी म्हणलं, आवो, खोटं हाय ते. तर म्हणत्यात, खोटं का खरं ते तुमच्या गुरुजींना बघू द्या. ते सांगतील ते मला मान्य. सोताच्या डोळ्यानं बघून सांगावं."

"आणि दिनकर काय म्हणतो?"

"तो गेलता नाटकाला. त्याला लई आवडलं. पर आत्याम्होरं तोंड उघडत नाय."

असा निर्णय मला पूर्वी कोणी मागितला नव्हता. मी दोन दिवस पोथ्या चाळल्या. नटांनी लावलेल्या विवाहाविषयी थेट काही सापडले नाही. पाहिल्यावाचून बोलणे योग्य नव्हते, म्हणून रविवारी संध्याकाळी मी संध्या लवकर आटोपून, धूतवस्त्र आणि उपरणे अशा माझ्या नित्याच्या वेशात नाटकाला गेलो.

मी तोवर नाटक पाहिले नव्हते. पाठशाळेत संस्कृत नाटके वाचली होती, म्हणजे अन्वय लावून, समास सोडवून. शृंगाराचे श्लोक आले की गुरुजी पान उलटीत आणि म्हणत, "हे पुढे आपोआप कळेल." ती पाने राहिली ती राहिलीच. रंगभूमीवर दिवे लागून माणसे उभी राहतात तेव्हा काय होते, याची मला कल्पना नव्हती.

माझ्या शेजारी एक मध्यमवयीन जोडपे होते. त्या गृहस्थांनी वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, तुम्ही इथं? आमचं लग्न तुम्हीच लावलं. समर्थनगरला. ओळखलं का?"

मी ओळखले नव्हते. त्यांची पत्नी हसून म्हणाली, "कसं ओळखतील? पूर्ण वेळ खाली मान घालून होते. मला तर गुरुजींची नुसती शेंडीच आठवते."

पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून सांगितले, "आमचंही गुरुजींनीच लावलंय." त्याच्या पलीकडच्याने हात जोडले. त्या दोन रांगांत मी कितीतरी घरे मांडून दिली होती, आणि मला त्यांतले एकही नाव आठवत नव्हते. सगळी माणसे दोघे दोघे बसली होती.

पडदा वर गेला. परक्या देशातले समुद्राकाठचे गाव, दगडी पूल, पुलाखाली नाव. बर्फ पडत होता. तो पिंजाऱ्याकडचा कापूस होता हे तिसऱ्या रांगेतून कळत होते. नायक खलाशी होता. त्याच्या अंगातला लाल, सोनेरी बटनांचा कोट मी लगेच ओळखला. आमच्या लग्नांत वाजवणाऱ्या बँडवाल्याचा तो कोट होता, कोपरावरच्या ठिगळासकट. शैला पाववाल्याची मुलगी झाली होती. झग्यात, केस मोकळे. मी क्षणभर मान खाली घातली. मग मला आठवले की मी पाहायलाच आलो आहे, आणि मी वर पाहिले.

तिचे गाणे सुरू झाले. संगीताचे मला शास्त्र नाही, परंतु स्वर कसा ठेवावा हे आम्हाला वेदपठणात शिकवतात. तिने स्वर ठेवला होता. कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. दिवा जेथे ठेवायचा तेथे ठेवावा तसा.

दुसऱ्या अंकात विवाह आला. मी सरसावून बसलो. वकिलाचा काळा गाऊन घातलेला एक पाद्री उभा होता, दोन्हीकडे मेणबत्त्या होत्या, पाववाला बाप डोळे पुसत होता. मी मनात एकेक अंग तपासत होतो. अग्नीची स्थापना नाही. दानाचे उदक नाही. सप्तपदी नाही. निर्णय सोपा होता, आणि मी जवळजवळ सुटकेचा श्वास टाकला.

तेवढ्यात पाद्र्याने मुलीला विचारले, या पुरुषाला तू पती म्हणून स्वीकारतेस काय?

वाद्ये थांबली. शैलाने लगेच उत्तर दिले नाही. ती खलाशाकडे पाहत राहिली. आणि पाद्री थांबला. त्याच्या हातात पुस्तक उघडे होते, पुढचे शब्द त्याच्या समोर होते, परंतु तिचे उत्तर येईपर्यंत त्याला ते म्हणता येत नव्हते. सगळे सभागृह त्या मुलीपाशी थांबले होते. मी आयुष्यात मुहूर्तासाठी थांबलो आहे, रुसलेल्या वरासाठी, हरवलेल्या मामासाठी थांबलो आहे. वधूसाठी मी कधी थांबलो नव्हतो. तेथे थांबायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

तिने 'हो' म्हटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी पत्नीकडे पाहिले. तिने त्यांना कोपराने ढोसले.

तिसऱ्या अंकात खलाशी समुद्रावर गेला तो वर्षानुवर्षे परत आला नाही. ती खोलीत एकटी होती. टेबलावर दोन ताटल्या मांडायची, एक उचलून ठेवायची, पुन्हा मांडायची. हे करता करता ती गात होती. ते गाणे दुःखाचे नव्हते. दिवसभरात गावात काय झाले ते ती रिकाम्या खुर्चीला सांगत होती, कोणाकडे काय शिजले, कोणाची गाय व्याली.

माझी पत्नी मला थोडी वर्षे लाभली. आमचा विवाह पैठणला दोन्हीकडच्या वडिलांनी ठरवला आणि माझ्या गुरुजींनी लावला. मी लग्न लावून घरी आलो की ती विचारी, "नवरी कशी होती?" मी सांगे, पाहिले नाही. "रडली का?" लक्ष नव्हते. "शालू कोणता होता?" मला ठाऊक नसे. ती म्हणे, "मग तुम्ही तिथं होता तरी कशाला?" आणि हसून पान वाढायला घेई. एका तापात ती गेली. नंतर कोणी तसे विचारले नाही. त्या सभागृहात मला प्रथमच असे वाटले की आता मी सांगू शकलो असतो. नवरीचा झगा पांढरा होता. ती रडली नाही. तिला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.

शेवटी खलाशी परत येतो. लोक उठून टाळ्या वाजवत होते. जोडपी बोलत बोलत बाहेर पडली आणि मी सर्वांना आधी जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांच्या बैठकीत सर्व जमले. गयाबाई सतरंजीच्या मध्यभागी बसल्या होत्या, डोक्यावर पदर, पाठ ताठ. मागे दिनकर भिंतीला टेकून. शैला आतल्या दारात उभी होती.

"बघितलं?" गयाबाईंनी विचारले.

"पाहिले."

"अग्नी व्हता?"

"नव्हता. मेणबत्त्या होत्या."

"मेणबत्ती म्हंजी अग्नीच की. तिला काय पानी म्हणत्यात?"

भगवानरावांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "अग्नीला मंत्रांनी बोलवावे लागते, बसवावे लागते. मेणबत्ती केवळ उजेडासाठी होती."

"बापानं पोरगी दिली?"

"बाप उभा होता. त्याने हातावर पाणी सोडले नाही."

"पावलं?"

"सात पावले चालली नाहीत."

"गळ्यात काय बांधलं?"

"काही नाही. बोटात अंगठी घातली."

गयाबाईंनी थोडा विचार केला. त्या निरक्षर होत्या, परंतु युक्तिवाद कोठे कच्चा आहे ते त्यांना नेमके कळे. "बरं. अन् पोरगी काय बोलली?"

"पाद्र्याने तिला विचारले. ती 'हो' म्हणाली."

"मग झालं की." गयाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला. "तोंडानं व्हय म्हणली ना? शंभर मान्सांम्होरं म्हणली ना? आता अग्नी नव्हता अन् पावलं नव्हती, ह्याला काय करायचं? बोललेला सबूद बोलला. उठ रं दिन्या."

दिनकर उठला नाही.  मला उत्तर शोधावे लागले नाही. ते शास्त्रात समोरच होते आणि ते अचूक होते.

"गयाबाई, थांबा," मी म्हणालो. "आपल्या विधीत वधूला हा प्रश्न विचारलाच जात नाही. वर मागतो, पिता देतो. तिच्या 'हो'ने विवाह होत नाही आणि तिच्या 'नाही'ने अडत नाही. जे विधीचे अंगच नाही, ते तिने उच्चारले तरी त्याने काही सिद्ध होत नाही. ही मुलगी अविवाहित आहे. हा माझा निर्णय."

 गयाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे मातर खरं. मलाबी कुनी इचारलं नव्हतं." आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, "भगवानराव, च्या टाका. साखर नीट घाला, मागल्या खेपंला नुसता पाला उकळलाता."

बैठक सैल झाली. दिनकरने पहिल्यांदा भिंतीपासून पाठ सोडवली. भगवानरावांनी माझे पाय धरले. जो निर्णय मागितला तो मी दिला होता, तो खरा होता, आणि त्याने लग्न वाचले होते. परंतु मी जे बोललो ते मला मोठ्याने म्हटलेले प्रथमच ऐकू आले होते, आणि चहाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला.

मी निघालो तेव्हा शैला फाटकापर्यंत पोहोचवायला आली. वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, तुमचे उपकार झाले."

"उपकार नाहीत. शास्त्रात आहे तेच सांगितले."

"ते ऐकलं." ती फाटकाच्या कडीशी चाळा करत होती. "आपल्यात खरंच विचारत नाहीत?"

"नाहीत."

"मला नाटकात ते एक वाक्य म्हणायला सगळ्यात जड जायचं. दिग्दर्शक म्हणायचे, थोडं थांब आणि मग म्हण. मला मुद्दाम थांबायची गरजच पडायची नाही, तिथं आपोआप थांबायला व्हायचं." मग तिने वर पाहिले. "तुमच्या घरात काकूंचा फोटो पाहिलाय मी. तुम्ही काकूंना कधी विचारलं होतं?"

तिच्या प्रश्नात टोचणी नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, "ऊन वाढले, आत जा," आणि निघालो. क्रांती चौकात रस्ता ओलांडायला मला बराच वेळ लागला.

लग्नाला काही दिवस होते. मी पुन्हा पोथ्या काढल्या, या खेपेला दुसऱ्याच हेतूने. वधूला विचारावे, असे मला ज्या पद्धतीने शिकवले तिच्यात नाही. विचारू नये, असेही मला कोठे आढळले नाही. माझ्या गुरुजींना जाऊन विचारावे, तर ते देवाघरी गेलेले. पत्नी असती तर तिला विचारले असते आणि तिने मला हसून वेड्यात काढले असते. ज्यांच्याशी हे बोलावे असे कोणी उरले नव्हते. मी देवापुढे बसलो आणि सांगितले की माझ्याकडून विधीत काही कमी होणार नाही, एक गोष्ट तेवढी अधिक होईल, ती क्षमा करावी.

लग्न हर्सूलच्या मंगल कार्यालयात झाले. बँडवाला बाहेर वाजवत होता, त्याच्या अंगात तोच लाल कोट होता. कन्यादानाची वेळ आली. भगवानराव आणि त्यांची पत्नी पाटावर बसली, ताम्हन मांडले, झारी भरली. भगवानरावांनी झारी उचलली.

मी म्हणालो, "क्षणभर थांबा."

मग मी मान वर केली आणि वधूकडे पाहिले. हिरवा शालू होता. मुंडावळ्यांआडून ती माझ्याकडे पाहत होती. मी साध्या मराठीत विचारले, "शैला, या पुरुषाला तू पती म्हणून स्वीकारतेस का?"

जवळच्या लोकांनी ऐकले आणि ते गप्प झाले. त्यांना पाहून मागचे गप्प झाले. कोणीतरी बाहेर जाऊन बँडवाल्याला थांबवले. भगवानराव झारी तशीच धरून बसले. दिनकरचा हात पुढे होता, तो त्याने मागे घेतला नाही. गयाबाई पुढे सरकून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे नाही, शैलाकडे पाहत होत्या.

शैला थांबली. नाटकात थांबली होती त्याहून अधिक. मीही थांबलो. पुढचा मंत्र माझ्या ओठांवर होता आणि तो म्हणण्याचा अधिकार त्या वेळी मला नव्हता.

"हो," ती म्हणाली. मोठ्याने नव्हे, पण स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आचाऱ्यांपर्यंत तो स्वर गेला.

आता मी पुढे म्हणायचे होते. तो मंत्र मी बालपणापासून म्हणत आलो आहे. झोपेतही तो चुकणार नाही. मी तोंड उघडले आणि शब्द आला नाही. सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती. इतक्या माणसांनी माझ्याकडे पाहणे मला सवयीचे नव्हते. पाट, ताम्हन, झारी सर्व जागच्या जागी होते, आणि जिच्याकडून मला एकदा हे उत्तर ऐकायचे होते ती कोठेच नव्हती.

गयाबाई पुढे वाकल्या. त्यांचा आवाज मी एरवी कधी इतका मऊ ऐकला नाही.

"म्हना, गुरुजी," त्या म्हणाल्या. "सावकाश म्हना. आमी थांबतो."